अलॉटमेंटचा तुकडा देखणा करायचा आहे, पण भाजीची जागा घालवायची नाही

नवा वाफा

या मंचावरच्या सर्वांना नमस्कार. मी इथे ‘नवा वाफा’ या नावाने लिहिते.

सामूहिक बागेतला एक तुकडा, म्हणजे ज्याला अलॉटमेंट म्हणतात तो, दीड वर्षापूर्वी मला कसायला मिळाला. तुकडा २० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद आहे. एका आखूड बाजूला सगळ्यांची जाण्यायेण्याची वाट आणि फाटक आहे, तर दुसऱ्या टोकाला आधीच्या कसणाऱ्याने मागे ठेवलेली अवजारांची लाकडी खोपी आहे. पहिला हंगाम गुडघाभर तण उपटण्यात गेला. दुसऱ्या हंगामात मात्र घेवडा, बीट, पालेभाज्या आणि बटाटे मनासारखे आले, त्यामुळे पिकाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती दिसण्याबद्दल.

फाटकाशी उभे राहिले की आधी दिसते ते निळे प्लास्टिकचे पिंप, मग तीन वेगवेगळ्या रंगांच्या जाळ्या, वाकड्यातिकड्या काठ्या, त्यांना बांधलेल्या चिंध्या, आणि या सगळ्यात कुठेतरी भाजी. भंगाराच्या ढिगात चुकून बी पडले असावे आणि ते उगवून आले असावे, असे ते दृश्य असते. शेजारच्या दोन तुकड्यांत माझ्यापेक्षा पीक कमी असूनही तिथे थांबून पाहावेसे वाटते. असे का वाटते, हे मात्र मला नेमके सांगता येत नाही.

सुधारणा म्हणून मी रंगवलेल्या कुंड्या आणल्या, वाऱ्यावर फिरणारी चक्रे रोवली, एका वाफ्याभोवती पांढरे गोटे मांडले. त्याने पसाऱ्यात आणखी पसारा जमा झाला, आणि गोट्यांच्या फटींतून गवत वर आले ते आता गोटे उचलल्याशिवाय काढताही येत नाही.

माझ्या अटी अशा आहेत : आठवड्याला दोन संध्याकाळी आणि सुट्टीची एक सकाळ, याहून जास्त वेळ मला देता येत नाही. पक्के बांधकाम करायला आणि सिमेंट ओतायला इथे परवानगी नाही. खर्च बेताचाच करायचा आहे. आणि फुलांसाठी भाजी कमी करावी, असे मला वाटत नाही. सुरुवात कुठून करावी?

दोरी आणि खुंटी

तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच अर्धे दिले आहे. शेजाऱ्यांकडे पीक कमी असूनही नजर थांबते, कारण तिथे नजरेला धरून चालायला रेघ असते. तुमच्याकडे वस्तू पुष्कळ आहेत, पण रेघ नाही. म्हणून आणखी काहीही विकत आणण्याआधी कुंड्या, चक्रे आणि गोटे खोपीत ठेवा आणि मोकळा तुकडा फाटकातून एकदा नीट पाहा. रोज पाहून डोळ्याला पसाऱ्याची सवय होते, म्हणून फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल करून पाहावा. रंग गेले की वाटा कुठे वाकल्या आहेत, कोणती काठी उगाच उभी आहे आणि नजर कुठे अडते, हे लगेच कळते. मी दर हंगामाच्या सुरुवातीला हे करतो आणि दर वेळी ओशाळतो.

आता आखणीकडे वळू. ६ मीटर रुंदीच्या तुकड्यात मधोमध, फाटकापासून खोपीपर्यंत, ६० सेंटिमीटरची सरळ वाट काढा. एवढ्या रुंदीत हातगाडी जाते. त्याहून अरुंद वाट ठेवली, तर गाडीचे पाय वाफ्यांच्या कडा तुडवत जातात. दोन्ही बाजूंना २.७ मीटर जागा उरते. तिथे वाटेला काटकोनात, आडवे, १.२ मीटर रुंदीचे वाफे पाडा आणि दोन वाफ्यांमध्ये ४० सेंटिमीटरची पाऊलवाट ठेवा. १.२ मीटर हा आकडा हाताच्या लांबीवरून येतो. दोन्ही बाजूंनी वाकून वाफ्याच्या मध्यापर्यंत हात पोहोचला, की वाफ्यात पाय ठेवण्याची वेळच येत नाही आणि माती भुसभुशीत राहते.

वाफे लांबीच्या दिशेने का नकोत, असे कोणी विचारील. लांबच लांब उभ्या पट्ट्यांमुळे नजर थेट शेवटच्या टोकाला जाऊन आदळते आणि आधीच चिंचोळा असलेला तुकडा बोळासारखा भासतो. आडव्या वाफ्यांमुळे ती दर पावलाला थोडी थबकते आणि तोच तुकडा रुंद वाटतो. फाटकाजवळ एक मीटर आणि खोपीजवळ तीन मीटर जागा सोडली, तर मधल्या १६ मीटरमध्ये अशा वाफ्यांच्या दहा जोड्या बसतात.

हे सगळे डोळ्याच्या अंदाजाने करू नका. दोरी लावा, आणि कोपरे काटकोनात येण्यासाठी गवंड्यांची जुनी युक्ती वापरा : कोपऱ्यापासून एका बाजूवर ३ मीटरवर खुंटी ठोका, दुसऱ्या बाजूवर ४ मीटरवर ठोका, आणि त्या दोन खुंट्यांमधले अंतर बरोबर ५ मीटर येईपर्यंत दुसरी दोरी सरकवत राहा. अंतर ५ मीटर आले की कोपरा काटकोनात बसला. या कामाला पाऊण तास लागतो. तो टाळला, की पुढची अनेक वर्षे तिरपा वाफा डोळ्यांत खुपत राहतो. माझ्याकडचा तिसरा वाफा अजूनही तसाच आहे.

आखणी झाली की कडा. तुमच्याजवळ वेळ कमी आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. वाफ्यात थोडे तण असले तरी कड धारदार असेल, तर तुकडा राखलेला दिसतो. उलट वाफा स्वच्छ खुरपलेला असून कड विस्कटलेली असेल, तर सगळेच गबाळे दिसते. दोरी ताणून, सपाट फावडे उभे धरून पायाने दाबावे, साधारण १० सेंटिमीटर खोल चर पाडावा आणि सुटलेली माती वाफ्यात ओढावी. वाढीच्या हंगामात तीन-चार आठवड्यांतून एकदा हे केले तरी पुरते. एखाद्या संध्याकाळी एकाच कामाला वेळ असेल, तर निंदणी पुढे ढकलून मी कडा कापतो, हे माझे वैयक्तिक मत आहे आणि त्यावरून माझे शेजाऱ्यांशी वाद झालेले आहेत.

यानंतर उंची. सपाट जमिनीवर सपाट वाफे असले, की कितीही नीटनेटके असोत, ते पाहून संपतात. घेवड्यासाठी तुम्ही काठ्या लावताच. त्याच काठ्यांचे एकसारखे तीन तंबू करा, प्रत्येकी सहा काठ्या, वर एकाच जागी बांधलेल्या, उंची दोन मीटर. एक तंबू फाटकाजवळ डावीकडे, दुसरा मध्यावर उजवीकडे, तिसरा पुन्हा डावीकडे मागच्या बाजूला. आकार एकच असू द्या. तीन वेगवेगळ्या कल्पक आकृत्या उभारण्यापेक्षा एकच साधी आकृती तीनदा आली, तर तुकड्याला जोड मिळतो. सावलीचा मात्र विचार करावा लागतो : उत्तर गोलार्धात उंच वेल शक्यतो उत्तरेच्या बाजूला आणि दक्षिण गोलार्धात दक्षिणेच्या बाजूला ठेवावेत, म्हणजे त्यांची सावली बुटक्या भाज्यांवर पडत नाही.

भाजीच्या बळावर बाग किती देखणी होऊ शकते, याचे मोठे उदाहरण फ्रान्समधल्या लोआर खोऱ्यातली व्हिलांद्रीची बाग हे आहे. होआकिम कार्वालो यांनी १९०६ मध्ये तिथला वाडा विकत घेतला आणि तिथल्या बागा नव्याने उभ्या केल्या. तिथल्या भाजीच्या बागेत सारख्या आकाराचे नऊ चौक आहेत आणि प्रत्येकात वेगळी भौमितिक नक्षी आहे. ती नक्षी भाज्यांच्या रंगांनीच भरलेली असते, आणि वर्षातून दोनदा लागवड बदलते. आपल्याला राजवाडा उभारायचा नाही, पण निळसर केल या पालेभाजीशेजारी लाल लेट्यूस लावण्याला वेगळा पैसा पडत नाही.

बी धरू द्या

आखणीबद्दल वर जे लिहिले आहे ते मला मान्य आहे, पण सगळेच दोरीने मारायचे म्हटले तर तुकडा कवायतीच्या मैदानासारखा होईल, अशी भीती वाटते. वाटा सरळ असाव्यात. वाफ्यांच्या आत मात्र थोडा सैलपणा असू द्यावा.

फुलांसाठी भाजी कमी करायची नाही, असे तुम्ही म्हणता. तशी गरज पडतही नाही, कारण फुलांना वेगळा वाफा देण्याऐवजी वाफ्यांची टोके द्यावीत. तुमच्या मधल्या वाटेला लागून प्रत्येक वाफ्याचे ३० सेंटिमीटरचे टोक फुलांना दिले, तर फाटकातून पाहणाऱ्याला दोन्ही बाजूंना फुलांची सलग किनार दिसते आणि भाजी तिच्यामागे आपल्या जागी राहते. किनारीसाठी दोन किंवा फार तर तीनच जाती निवडा आणि त्याच सगळीकडे लावा. बुटका झेंडू आणि कॅलेंड्युला ही जोडी नवशिक्याला सहज जमते. बियांची बारा पाकिटे आणून प्रत्येकातले चिमूटभर पेरण्याचा मोह होतो. मी पहिल्या वर्षी तेच केले आणि वाफ्यावर कोणी रंगीत कागदाचे कपटे उडवल्यासारखे दिसत होते.

झेंडूविषयी एक गैरसमज दूर करावासा वाटतो. चार झेंडू लावले की कीड पळते, असे सर्रास सांगितले जाते. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींवर झेंडूचा परिणाम होतो हे खरे, पण तो प्रामुख्याने झेंडू दाट, संपूर्ण वाफाभर, एखाद्या पिकासारखा काही महिने वाढवला तर. टोकावरची चार रोपे शोभेसाठी आहेत, आणि शोभा हे कारण पुरेसे आहे.

भाज्यांनाही फुले येतात, हे आपण विसरतो, कारण फूल येण्याआधीच आपण भाजी काढतो. दोन-चार लीक (कांद्याच्या कुळातली भाजी) आणि दोन-चार गाजरे उपटू नका. ती पुढच्या हंगामात फुलतील. लीकचा जांभळट गोल गेंद कमरेच्या वर झुलतो आणि त्यावर मधमाश्या इतक्या असतात की जवळून जाताना आवाज ऐकू येतो. कोथिंबीर फुलली की तिच्या पांढऱ्या छत्र्यांवर सिरफिड माश्या येतात, ज्यांच्या बऱ्याच जातींच्या अळ्या मावा खातात. रंगीत देठांचा स्विस चार्ड, ही एक पालेभाजी, सूर्य आणि तुमची नेहमीची उभे राहायची जागा यांच्या मधोमध येईल असा लावा. संध्याकाळचा तिरपा प्रकाश त्याच्या पानांतून आरपार आला की देठ आणि शिरा लाल काचेसारख्या पेटतात, आणि हीच रोपे सूर्याकडे पाठ करून पाहिली तर साधा पालाच दिसतात. तुम्ही संध्याकाळी जाता, तर याचा फायदा घ्या.

रिकामा वाफा हा डोळ्याला सर्वांत जास्त खटकतो. बटाटे निघाले की तिथे लगेच फॅसेलिया फेका. ते हिरवळीचे खत आहे, पण फुलू दिले तर निळ्याजांभळ्या फुलांनी वाफा भरून जातो. फक्त बी पडण्याआधी कापा, नाहीतर पुढच्या वर्षी ते सगळीकडे उगवेल. लेट्यूससारखी भाजी एकदम न पेरता दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने थोडी थोडी पेरली, तर काढणीनंतर अख्खा वाफा एकदम टकला होत नाही.

सावधगिरीच्या दोन गोष्टी राहिल्या. स्वीट पी हा सुगंधी वेल घेवड्याच्या तंबूवर फार सुंदर दिसतो, पण त्याच्या बिया विषारी असतात आणि शेंग वाटाण्यासारखी दिसते. तुमच्याबरोबर लहान मुले येत असतील तर खाण्याच्या शेंगांसोबत तो एकाच तंबूवर चढवू नका. डिजिटॅलिस या विषारी फुलझाडाची पानेही खाण्याच्या किंवा औषधी पानांशी गल्लत होईल अशा जागी नकोत. आणि पुदिना लावायचाच असेल तर कुंडीसकट जमिनीत पुरा, मोकळा सोडलात तर वर्षभरात वाट आणि वाफा यांतला फरक तो मिटवून टाकेल.

भाजी आधी

मला हा सगळा खटाटोप जास्त वाटतो. माझ्या तुकड्यात एकही फूल मी शोभेसाठी लावलेले नाही आणि तरी लोक थांबून पाहतात, कारण कांद्याच्या ओळी सरळ असतात, दोन ओळींमध्ये तण नसते आणि काम झाल्यावर खुरपे, झारी, रिकामी पोती यांपैकी काहीही बाहेर राहत नाही. निघण्यापूर्वीची दहा मिनिटे आवराआवरीला ठेवा. जाळ्या तिन्ही रंगांच्या असतील तर दोन रंगांच्या टाकून द्या, किंवा ज्याला हव्यात त्याला देऊन टाका. याहून वेगळे काही करायची गरज आहे असे मला वाटत नाही.

नवा वाफा

सर्वांचे मनापासून आभार. फोटो कृष्णधवल करून पाहिला आणि पाच मिनिटांत फोन खाली ठेवला. सर्वांत ठळक दिसत होते ते माझे पांढरे गोटे.

आखणीबद्दल एक शंका आहे. वीस वाफे, प्रत्येक १.२ गुणिले २.७ मीटर, म्हणजे साधारण ६५ चौरस मीटर होतात. तुकडा १२० चौरस मीटरचा आहे. मग जवळजवळ निम्मी जागा वाटांत आणि कोपऱ्यांत जाणार का? आणि दुसरे असे, की वाटांवर काय टाकावे? एका शेजाऱ्याने जुना गालिचा देऊ केला आहे, दुसऱ्याने वाफ्यांच्या कडांसाठी रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर आणि काही टायर देऊ केले आहेत. फुकट मिळत आहेत, म्हणून मोह होतो.

पालापाचोळा

आखणीच्या हिशेबाचे उत्तर ज्यांनी आखणी सुचवली ते देतील; सामानाबद्दल मी लिहितो, कारण यातली प्रत्येक चूक मी स्वतः करून झालो आहे.

गालिचा घेऊ नका. पहिल्या वर्षी तो तण दाबतो, आणि दुसऱ्या वर्षापासून त्याचे कृत्रिम धागे सुटून मातीत मिसळतात. वर माती साचते, त्या मातीत गवत रुजते, गवताची मुळे गालिच्याच्या विणीत शिरतात, आणि मग तो ओढायला गेले की चिंध्या हातात येतात. धाग्यांवर रंगांची आणि प्रक्रियांची रसायने असतात ती वेगळीच. पुष्कळ सामूहिक बागांच्या नियमांत गालिच्याला याच कारणाने बंदी असते. तण दाबणारे विणलेले प्लास्टिकचे कापडही मला याच कारणाने आवडत नाही, विशेषतः कापलेल्या कडांशी त्याच्या दशा निघू लागल्या की.

रेल्वेचे जुने स्लीपर क्रिओसोटमध्ये मुरवलेले असतात. हा डांबरी तेलाचा प्रकार आहे, उन्हात तापल्यावर तो लाकडातून पाझरतो, त्याचा वास येतो आणि हाताला चिकटतो. भाजीच्या वाफ्याला तो नको. जुन्या बांधकामातल्या हिरवट झाक असलेल्या फळ्यांबद्दलही सावध राहा. पूर्वी लाकूड टिकवण्यासाठी तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण वापरले जात असे. अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडासाठी ते २००३ अखेर थांबवण्यात आले, पण आधीच्या फळ्या अजूनही कुठे कुठे हाती लागतात. फळीचा पूर्वेतिहास माहीत नसेल तर ती वाफ्याला लावू नये. टायर दिसायला तर वाईट आहेतच, शिवाय त्यात पाणी साचते, आणि तुकडा सोडताना ते टाकायचे कुठे हा प्रश्न तुमच्या गळ्यात पडतो. माझ्या आधीच्या कसणाऱ्याने असे अकरा टायर माझ्यासाठी ठेवले होते.

वाटांसाठी सर्वांत सोपी आणि बहुधा स्वस्त गोष्ट म्हणजे झाडांच्या छाटणीचा भरडा, म्हणजे लाकडाचे तुकडे. आधी वाटेवर साधा तपकिरी पुठ्ठा अंथरा. त्यावरच्या चिकटपट्ट्या आणि पिना आठवणीने काढा, नाहीतर पुठ्ठा कुजल्यावर त्या वर्षानुवर्षे वर येत राहतात. पुठ्ठे एकमेकांवर वीतभर चढवा, पाण्याने भिजवा आणि त्यावर ७ ते १० सेंटिमीटर जाडीचा भरडा पसरा. पावसात चिखल होत नाही आणि सगळ्या वाटा एकाच तपकिरी रंगाच्या होतात. त्या रंगावर हिरव्या भाज्या उठून दिसतात, आणि दिसण्याच्या दृष्टीने हा एक बदल बाकी सगळ्यांवर भारी पडतो, असा माझा अनुभव आहे. भरडा कुजून खाली बसत जातो, म्हणून साधारण वर्षाने नवा थर द्यावा लागतो. कुजलेला भाग खरवडून वाफ्यावर आच्छादन म्हणून टाकता येतो. ताजा भरडा मात्र मातीत कालवू नका, कारण तो कुजवणारे जंतू मातीतला नत्र काही काळ अडकवून ठेवतात. पृष्ठभागावर पडून राहिलेल्या भरड्याचा तसा फारसा त्रास होत नाही.

खडी दिसते छान, पण ती मातीत उतरते आणि परत निघत नाही. हिरवळीची वाट मला सर्वांत सुंदर वाटते, पण तुमच्याकडे असलेल्या वेळात ती राखणे जमणार नाही : दर आठवड्याला कापायची, कडा सांभाळायच्या, आणि तरी ते गवत वाफ्यात घुसतेच. वाफ्यांना फळ्यांची चौकट लावण्याची घाई करू नका. ओलसर फळीच्या आतल्या अंगाला गोगलगायींना दिवसभर लपायला उत्तम जागा मिळते, आणि फावड्याने कापलेल्या कडेबद्दल वर लिहिले आहे, तेवढी कड पुरते.

जाळ्यांविषयी : काळी किंवा गडद हिरवी जाळी थोड्या अंतरावरून जवळजवळ दिसेनाशी होते; निळी आणि पांढरी लांबूनही ओरडते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जाळी सैल सोडू नका. पाण्याच्या नळीचे सारख्या लांबीचे तुकडे कमानीसारखे वाकवा, जमिनीत ठोकलेल्या गजांवर त्यांची टोके बसवा, त्यावर जाळी ताणून कडा मातीत दाबा. सर्व कमानी एका उंचीच्या आल्या की तो वाफा सुबक दिसतो. सैल जाळीत पक्षी आणि लहान प्राणी अडकून मरतात. एकदा सकाळी जाळीत पाय गुंतलेला पक्षी कात्रीने सोडवावा लागला, तेव्हापासून मी जाळी ताणल्याशिवाय घरी जात नाही. बांधायला रंगीत नायलॉनऐवजी सुतळी वापरा; ती दिसतही नाही आणि हंगामाअखेर वेलासकट कंपोस्टमध्ये जाते.

निळे पिंप टाकून देण्याची गरज नाही. खोपीच्या मागे किंवा बाजूला हलवा, त्याला वेताचा किंवा काड्यांचा पडदा लावा, आणि वर घट्ट झाकण ठेवा. झाकणामुळे डास होत नाहीत आणि उजेड आत न गेल्याने पाण्याला शेवाळही धरत नाही.

दोरी आणि खुंटी

जागेच्या हिशेबाबद्दल : तुमचे गणित बरोबर आहे, पण आज तुम्ही १२० चौरस मीटरवर पीक घेता असे समजू नका. वाटा आखलेल्या नसल्या तरी माणूस चालतोच, फक्त दर वेळी वेगळ्या जागी चालतो आणि सगळीच माती थोडी थोडी तुडवतो. शिवाय फाटकाजवळची पट्टी आणि खोपीजवळचे तीन मीटर हे वाया जाणारे नाहीत. तिथे फळझुडपे आणि कंपोस्टची जागा बसते. तुलनेसाठी सांगतो, जर्मनीत अशा बागांसाठी १९८३ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यात तुकडा ४०० चौरस मीटरपेक्षा आणि खोपी, छप्पर असलेल्या बसायच्या जागेसकट, २४ चौरस मीटरपेक्षा मोठी नसावी असे ठरवले आहे, आणि तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००४ मध्ये किमान एक तृतीयांश भाग फळे-भाज्यांसाठी असावा असे म्हटले. त्या मापाने तुमच्याकडे भरपूर उरते. तरीही मन तयार नसेल, तर मागच्या भागात आडव्या वाटा काढू नका. बटाटे आणि भोपळे यांना वाफ्यांची शिस्त लागत नाही, आणि फाटकातून तो भाग तसाही पुढच्या वाफ्यांआड जातो.

कवायतीच्या मैदानाचा आक्षेप मी हसून मान्य करतो. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळ नेरुम इथे सी. टी. सोरेन्सन यांनी १९४८ मध्ये आखलेल्या बागा याच वादावर एक उत्तर आहेत : उतारावर कुंपणाच्या झुडपांनी वेढलेले लंबवर्तुळाकार तुकडे, मध्ये मोकळी हिरवळ, आणि झुडपांच्या आत ज्याची त्याची बाग. बाहेरची रेघ ठाम असल्यामुळे आतला सैलपणा खपून जातो. सरळ रेघच हवी असे नाही, पण रेघ हवी.

खोपीबद्दल सांगायचे राहिले. ती गडद रंगवा, गडद हिरवा किंवा काळपट करडा. गडद रंग मागे सरतो आणि पुढची पाने उजळ दिसतात. पांढरी किंवा आकाशी खोपी फोटोत छान येते, पण तुकड्यातली सगळी नजर तीच खाऊन टाकते. उरलेला रंग पाण्याच्या पिंपाच्या पडद्याला आणि फाटकाच्या खांबांना लावा, म्हणजे तिन्ही वस्तू एकमेकींच्या नात्यातल्या दिसतील.

नवा वाफा

चार महिन्यांनी पुन्हा लिहीत आहे, कारण विचारून गप्प बसणे बरे नाही.

शेवटी सात जोड्या वाफे पाडले आणि मागचा भाग बटाटे-भोपळ्यांसाठी एकसंध ठेवला. ३-४-५ च्या दोरीने पहिला कोपरा बसला तेव्हा कळले, की आधीच्या वाफ्यांपैकी एकही कुंपणाला समांतर नव्हता. गालिचा, स्लीपर आणि टायर यांना नम्रपणे नकार दिला. टायर देणारे थोडे रागावले. छाटणीच्या भरड्याच्या बावीस हातगाड्या दोन सुट्ट्यांमध्ये वाहिल्या, आणि पुठ्ठ्याच्या चिकटपट्ट्या काढण्यात त्याहून जास्त वेळ गेला. दोन जागी पट्टी राहिलीच, ती आता वर डोकावते आहे.

वाफ्यांच्या टोकांना कॅलेंड्युला आणि बुटका झेंडू लावला. उजव्या बाजूची झेंडूची रोपे गोगलगायींनी एका रात्रीत संपवली, त्यामुळे सध्या किनार एकाच बाजूला सलग आहे. तीन तंबूंपैकी मधला थोडा कललेला आहे, कारण त्याच्या काठ्या मी फार उथळ रोवल्या; घेवडा पूर्ण चढला आहे, म्हणून हंगाम संपेपर्यंत हात लावत नाही. चार्ड सांगितल्याप्रमाणे मावळतीच्या बाजूला आहे. काल कडा कापून झाल्यावर मी फाटकाशी झारी धुवत होते, तेव्हा पलीकडच्या तुकड्यातल्या, आजवर माझ्याशी फक्त पाण्याच्या पाळीबद्दल बोललेल्या आजी वाटेवर थांबल्या, चार्डकडे बोट दाखवून ही कोणती फुले म्हणून त्यांनी विचारले, आणि ती भाजी आहे म्हटल्यावर तिचे बी मागून घेतले.

पांढरे गोटे अजून खोपीत आहेत. कोणाला हवे असतील तर कळवावे.